बिग बॉयच्या रीलवर बदाम टाकणाऱ्या मंडळींना एक खुलं पत्र

समस्त रेल्वेवेड्या मंडळींनो,

सप्रेम नमस्कार.

गेले काही महिने बघतोय, तुमच्यातला दर तिसरा माणूस तो अमेरिकेतला बिग बॉय, म्हणजे ते वाफेचं अवाढव्य इंजिन, शेअर करतोय. तोच काळा धूर, तोच भोंगा, रुळाशेजारी मोबाईल वर धरून उभी असलेली तीच गोरी गर्दी. मी पण बघितलंय, खोटं कशाला बोलू, हेडफोन लावून तीनदा बघितलंय आणि तिन्ही वेळा अंगावर काटा आलाय. पण परवा एकाने त्याच्या खाली लिहिलं की आपल्याकडे असलं काही कधी नव्हतंच, आपली इंजिनं म्हणजे खेळणी, आणि त्यावर तुम्ही लोकांनी धडाधड बदाम टाकले, त्यातले निम्मे तर कर्जत, बदलापूर, लोणावळा, इगतपुरी असल्या गावांतले. अरे, तुमच्या घराच्या गच्चीवरून घाट दिसतो! म्हटलं आता लिहायलाच पाहिजे.

आधी बिग बॉयचं जे आहे ते त्याला देऊन टाकू. युनियन पॅसिफिक कंपनीसाठी अल्को कारखान्याने १९४१ मध्ये २० आणि १९४४ मध्ये ५ अशी एकूण २५ इंजिनं बांधली. लांबी टेंडरसकट (टेंडर म्हणजे इंजिनामागची कोळसा-पाण्याची गाडी) ४० मीटर, वजन टेंडर भरलेला असताना ५४० टनांच्या वर, सोळा जोडचाकं (म्हणजे इंजिन ज्यांना जोर देऊन फिरवतं ती), आठ-आठच्या दोन जोड्या एका बॉयलरखाली. नाव सुद्धा कुणा साहेबाने मीटिंग घेऊन ठेवलेलं नाही, कारखान्यातल्या कुणा कामगाराने पुढच्या गोल तोंडावर खडूने लिहिलं आणि तेच चिकटलं. बांधायचं कारण एकच, युटा आणि वायोमिंगच्या मधला वासॅच डोंगर. तिथे मालगाडीला मागून-पुढून जादा इंजिनं लावावी लागायची, त्यात वेळ आणि माणसं जायची, म्हणून कंपनीने सांगितलं की ३६०० अमेरिकन टन, म्हणजे आपले साधारण साडेबत्तीसशे टन, एकट्याने वर नेणारं इंजिन पाहिजे. ते मिळालं. काम चोख.

आता वासॅचचा चढ किती ते सांगा. १.१४ टक्के. म्हणजे साधारण ८८ फूट पुढे गेलं की १ फूट वर.

आपला बोरघाट, म्हणजे कर्जत-लोणावळा, ३७ फुटाला १ फूट. थळघाट म्हणजे कसारा-इगतपुरी, तोही ३७ ला १. दुपटीहून जास्त उभा!

हा आकडा असा नुसता वाचून डोक्यात शिरत नाही, म्हणून एक गंमत करा, वीस डब्यांची गाडी घ्या, साधारण पावणेपाचशे मीटर लांब. ती घाटात उभी असताना पुढचं इंजिन आणि शेवटचा डबा यांच्यात १३ मीटरचा फरक पडतो. चार मजली बिल्डिंग. म्हणजे गार्डसाहेब तळमजल्यावर आणि ड्रायव्हर गच्चीवर, आणि हे सगळं लोखंडी चाक लोखंडी रुळावर नुसतं टेकवून. ना दात, ना साखळी, ना काही.

मी मागे एका रात्री वहीत हिशोब मांडला होता की बिग बॉय बोरघाटात आणला तर काय होईल. (बायको म्हणाली, लाईट बिलाचा हिशोब कधी इतक्या मन लावून केला नाहीस.) ३७ ला १ चढावर प्रत्येक टनामागे २७ किलोची ओढ नुसती गुरुत्वाकर्षणाला लागते, वर घर्षणाचे तीनेक किलो धरा. बिग बॉयची ओढ सगळी मिळून ६१ टन. त्यातले सोळा-सतरा टन तो स्वतःचं आणि टेंडरचं वजन वर न्यायलाच खाणार. उरलेल्यात मला बाराशे ते पंधराशे टनाच्या मधे कुठेतरी आकडा मिळतो. म्हणजे तिकडे साडेबत्तीसशे टन ओढणारा पैलवान आपल्या घाटात निम्म्यावर येतो. आता कुणी म्हणेल की त्याची चाकं आपल्या रुळावर बसणार नाहीत, आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर आणि त्यांचा १४३५, शिवाय त्याच्या एकेका धुऱ्यावर तीस टन भार. मान्य. कागदावरची कुस्ती आहे, कागदावरच राहू द्या.

मुद्दा काय, तर घाटाचं इंजिन लांबीरुंदीवर मोजायचं नसतं. जोडचाकांवर वजन किती पडतंय, ते चाक पावसात धरतंय का, आणि उतरताना थांबतंय का, या तीन गोष्टी बघायच्या. शेवटची सगळ्यात जास्त, आणि रीलमध्ये नेमकी तीच कधी दिसत नाही.

आपल्याकडे हे कसं सुरू झालं बघा. १८५६ मध्ये गाडी पळसदरीवरून खोपोलीपर्यंत पोचली आणि १८५८ मध्ये वर खंडाळा ते पुणे सुरू झालं. मधला घाट रिकामा. म्हणजे माणसं खोपोलीला उतरायची, पालखी, तट्टू, बैलगाडी जे मिळेल त्याने घाट चढायची, आणि खंडाळ्याला परत दुसऱ्या गाडीत बसायची. मधला हा तुकडा जोडायला १८६३ उजाडलं. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली, त्याला तो दिवस बघायलाच मिळाला नाही, आदल्याच वर्षी गेला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे येऊन पोचला आणि थोड्याच दिवसात वारला, आणि मग त्याच्या बायकोने, ॲलिसने, ते कंत्राट स्वतःकडे घेऊन पुरं करून घेतलं. एकेका वेळी चाळीस-चाळीस हजार माणूस त्या डोंगरावर कामाला होता. पटकी, ताप, सुरुंग, कडे, किती हजार मेले त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. पंचवीस बोगदे, सुमारे पंचवीस किलोमीटर, आणि चढ १८३१ फूट.

बरं, इतकं करूनही डोंगर एका दमात चढता येत नव्हता. खंडाळ्याच्या खाली कड्याच्या टोकावर रिव्हर्सिंग स्टेशन केलं. गाडी वर येणार, त्या सपाट तुकड्यावर थांबणार, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला जाऊन लागणार, आणि गाडी उलट्या तोंडाने पुढचा चढ चढणार. शेवटचा डबा पहिला. थळघाटातही तसंच.

आता विचार करा अशा जागी इंजिन कसलं लागेल. टेंडरवालं लांबलचक इंजिन घेऊन काय करणार, दर वेळी फिरवायचं कुठे? म्हणून घाटाला टँक इंजिनं आली. कोळसा-पाणी सगळं अंगावर, मागे टेंडरचं लचांड नाही, पुढे-मागे दोन्हीकडे सारखंच चालणार. १८६२ च्या सुमाराला शार्प स्टुअर्टने जी घाट-इंजिनं बांधली त्यांची पाण्याची टाकी बॉयलरच्या पाठीवर खोगिरासारखी टाकलेली होती, पुढे चार छोटी चाकं आणि मागे सहा जोडलेली. खोगीर टाकी ही काही नटायला नव्हती. पाण्याचं वजन सरळ जोडचाकांवर यावं, चाक रुळाला दाबून धरावं, म्हणून ती. अर्थात त्यातही गोम अशी की चढता चढता पाणी संपत जातं आणि वर पोचेपर्यंत इंजिन हलकं होतं, नेमकं तेव्हाच चाक सुटायची भीती जास्त. पुढच्या काळात आठ जोडचाकांची टँक इंजिनं आली, आणखी दांडगी. दिसायला ठेंगणी, जाडजूड, मान नसलेल्या पैलवानासारखी. रीलमध्ये यांना कुणी बदाम टाकणार नाही हे मला माहितीये.

पण त्या पहिल्या इंजिनांना आणखी एक गोष्ट होती जी मला सगळ्यात आवडते. घसरपट्टीचा ब्रेक. नेहमीचा ब्रेक चाकाला आवळतो. हा ब्रेक म्हणजे इंजिनाच्या पोटाखाली बसवलेले जाड ठोकळे, ते थेट रुळावर दाबायचे. चाक आवळून भागत नाही, चाक फिरायचं थांबलं तरी गाडी घसरत जाते, म्हणून रुळालाच धरायचं. म्हणजे इंजिन बांधणाऱ्याने चढायचा विचार जेवढा केला तेवढाच उतरायचा केलेला होता.

कारण त्या वेळी आख्ख्या गाडीला सलग ब्रेक नव्हते. इंजिनाला ब्रेक आणि काही डब्यांना हाताने फिरवायचे ब्रेक, तिथे एकेक माणूस बसलेला, शिट्टी झाली की चाक गरागरा आवळायचं. वरून उतरतोय देशावरचा माल, कापसाच्या गाठी, धान्य. अमेरिकेत तेव्हा यादवी चालू होती, तिकडचा कापूस बंद, मुंबईच्या व्यापाऱ्यांना कापूस किती पण द्या कमीच. म्हणजे ओझं खाली येताना जास्त आणि ब्रेक माणसाच्या मनगटात. १८६९ च्या जानेवारीत एक गाडी अशीच उतरताना हाताबाहेर गेली आणि रिव्हर्सिंग स्टेशनवर थांबूच शकली नाही. पुढे रूळ संपतो आणि कडा सुरू होतो. जास्त लिहीत नाही.

म्हणून घाटात कॅच सायडिंग आहेत. मंकी हिल, ठाकूरवाडी असल्या ठिकाणी उतरणाऱ्या गाडीला थांबावंच लागतं, आणि सांधा, म्हणजे रूळ बदलायची जागा, मुळात सायडिंगच्या, बाजूच्या फाट्याच्या दिशेला लावलेला असतो. गाडी थांबली, म्हणजे ब्रेक धरतोय हे सिद्ध झालं, की मग मेन लाईन मिळते. नाही थांबली तर आपली जाते वर चढणाऱ्या फाट्यावर आणि तिथे दम तुटून उभी राहते. काय साधी आयडिया आहे, आधी लायकी दाखव, मग रस्ता देतो. तुम्ही पुण्याहून येताना मंकी हिलला गाडी उगीच का थांबली म्हणून शिव्या घालता ना, ती उगीच थांबलेली नसते.

जाता जाता, रेल्वेच्या भाषेत मुंबईकडे जाणारी गाडी ‘अप’ आणि मुंबईहून निघालेली ‘डाऊन’. म्हणजे घाट चढणारी डाऊन आणि उतरणारी अप. या एका गोष्टीवरून मी लहानपणी आजोबांशी तासभर भांडलो होतो.

आजोबा दौंडच्या शेडला फायरमन होते. घाटातलं स्टीम त्यांनी नाही बघितलं, ते त्यांच्या आधीच संपलं होतं, ते डब्ल्यूजी या वाफेच्या इंजिनांवर, मालगाडीवर. पण जड गाडी उचलणं म्हणजे काय हे मला त्यांच्याकडूनच कळलं. ते म्हणायचे, पळवता कुणालाही येतं, उचलायला अक्कल लागते. स्टीम इंजिनाचा जोर सारखा नसतो, दट्ट्याच्या प्रत्येक धक्क्याला कमी-जास्त होतो, आणि ज्या क्षणी जास्त होतो त्या क्षणी चाक स्लिप मारतं. ड्रायव्हरने घाई केली की चाक जागच्या जागी गर्रकन फिरणार, धुराड्यातून भक् भक् भक् असा आवाज, आणि पेटीतली आग अर्धी वर उडून जाणार, म्हणजे फायरमनची पाच मिनिटांची मेहनत आकाशात. त्यावर उपाय वाळू. चाकाच्या पुढ्यात रुळावर बारीक वाळू सोडायची. तर ती वाळू शेडमध्ये चाळून, भट्टीवर भाजून कोरडी करून भरायची, आणि पावसाळ्यात तीच दमट होऊन नळीत गच्च बसायची. मग हे उतरून पान्याने नळी ठोकत इंजिनाच्या बाजूने चालत जायचे, गाडी हळूहळू सरकतेय, हे ठोकतायत, वाळूचा एक लपका पडतोय, परत बंद. त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट त्या पान्यानेच वाकडं झालेलं होतं, जेवताना भाकरी मोडली की ते वेगळंच उभं राहायचं. धो धो पाऊस परवडला रे, म्हणायचे, रूळ धुऊन तरी निघतो, पण ती पहिली भुरभुर नको, साबण लावल्यासारखं होतं.

हे सपाटीवरचं. आता हेच ३७ ला १ वर, सह्याद्रीतल्या जुलैमध्ये, बोगद्यात धूर कोंडलेला असताना, १८७० साली इमॅजिन करा.

राहिला मोठेपणाचाच प्रश्न, तर तीही हौस भागवतो. आपल्याकडे अवाढव्य काही नव्हतं म्हणणाऱ्याने बंगाल नागपूर रेल्वेचे गॅरट बघितलेले नसावेत. नावातच नागपूर आहे, निदान विदर्भातल्या मंडळींनी तरी बदाम टाकताना थांबायचं होतं. १९२९ मध्ये मँचेस्टरच्या बेयर पीकॉकने एन क्लासची १६ इंजिनं बांधून पाठवली, पाठोपाठ एनएम क्लासची १०. वजन जवळजवळ २३५ टन. यातही सोळा जोडचाकं, बिग बॉयएवढीच, आणि बिग बॉयच्या बारा वर्षं आधी. रचना मात्र वेगळी. हर्बर्ट गॅरट नावाच्या इंजिनिअरची डोकॅलिटी. दोन इंजिनं पाठीला पाठ लावून दूर दूर ठेवायची, त्यांच्या डोक्यावर पाणी आणि कोळसा ठेवायचा, आणि मधे बॉयलर झोपाळ्यासारखा टांगायचा. बॉयलरखाली चाकं नाहीत म्हणून तो वाट्टेल तेवढा जाड करता येतो, आणि दोन्ही टोकं स्वतंत्र वळतात म्हणून इतकं लांब धूड वळणावर सुद्धा जातं. छोटा नागपूरच्या जंगलातून १०० ला १ चढावर कोळशाच्या आणि खनिजाच्या गाड्या ओढायला हे आणले. एक दिल्लीच्या रेल्वे म्युझियममध्ये आहे, ८११ नंबर, आणि ८१५ खरगपूरला. दिल्लीला गेलात की लाल किल्ल्यासमोर सेल्फी काढता तसा एकदा ८११ च्या शेजारी उभे राहून काढा, तुमचं डोकं कुठे येतं ते बघा.

मग असले गॅरट आपल्या घाटात का नाही आणले? तर गरज उरली नाही. त्याच सुमाराला घाटात वीज आली. १९२९-३० मध्ये कल्याणपासून पुण्यापर्यंत आणि इगतपुरीपर्यंत तारा लागल्या, रिव्हर्सिंग स्टेशन नव्या अलाईनमेंटने बंद झालं, आणि मालगाड्यांना आलं ईएफ-वन हे विजेचं इंजिन, म्हणजे नंतरचं डब्ल्यूसीजी-वन. हे आमचं लाडकं. मधे उंच डबा आणि पुढे-मागे लांब सोंडा, वळणावर तिन्ही भाग वेगवेगळे वाकणार. साहेब लोक त्याला मगर म्हणायचे, आपल्या ड्रायव्हर लोकांनी नाव ठेवलं खेकडा. उभं असताना कण्हल्यासारखा आवाज करायचं. २६०० हॉर्सपॉवर, आणि उतरताना मोटरीच उलट्या वापरून गाडी रोखून धरायची आणि वर तारेत वीज परत द्यायची. म्हणजे १८६२ च्या त्या घसरपट्टीने रुळावर ठिणग्या उडवून जे काम केलं तेच काम, पण फुकट न घालवता. मी शाळेत असताना खेकडे म्हातारे होऊन शंटिंगला लागले होते, त्यातला एक मी बघितलाय, कण्हतानाच बघितलाय.

आणि मजा बघा, त्या विजेसाठी रेल्वेने ठाकुर्लीला स्वतःचं पॉवर हाऊस उभारलं, चोळा पॉवर हाऊस, तेही कोळशावर. म्हणजे कोळसा जळायचा थांबला नाही, फक्त घाटात जळायचा तो ठाकुर्लीच्या खाडीकाठी जळायला लागला. डोंबिवलीकरांनो, तुमच्या धुराची कुळकथा अशी आहे.

तर मंडळी, मागणं काय आहे. बिग बॉय बंद करा असं नाही, खुशाल बघा. तो हल्ली कोळशावर चालत नाही, २०१९ ला पुन्हा सुरू करताना त्याला तेलावर केलाय, आणि बऱ्याच व्हिडिओत त्याच्या मागे एक डिझेल लावलेलं दिसतं, ते ब्रेकलाही मदत करतं, हे मात्र बघताना लक्षात ठेवा. उतरताना बिग बॉयलाही कुणीतरी मागे धरणारं लागतं म्हणायचं.

आणि एक रविवार कर्जतला या. पुण्याकडे जाणारी लांब पल्ल्याची गाडी येऊ द्या. सगळं पब्लिक वड्यासाठी प्लॅटफॉर्मवर उतरतं, तेव्हा तुम्ही हातात वडा घेऊन उलट्या बाजूला, शेवटच्या डब्याकडे चालत जा. मागून बँकर, म्हणजे घाटात गाडी ढकलणारी जादा इंजिनं, येतात, एकाला एक जोडलेले, हळू, फार हळू. शेवटच्या डब्याच्या कपलिंगला टेकतात तेव्हा आख्ख्या गाडीतून एक ठक् असा धक्का पुढे जातो, डब्याडब्यातून, आणि खिडकीतल्या चहाच्या कपात एक गोल उमटतं. मग पुढच्याचा भोंगा, मागच्याचं उत्तर, आणि गाडी निघते. आता दोघांच्या मधे वॉकीटॉकी आहे, पण ढकलण्याचा हिशोब १८६३ चाच, आणि चढही तोच ३७ ला १. हे शूट करा ना. एवढी मोठी गोष्ट रोज दिवसातून किती वेळा होते आणि सगळे चटणीच्या मागे.

तुमच्यापैकी कुणाच्या आजोबा-पणजोबांचं घाटातल्या कामाचं काही घरात असेल, फोटो, पितळी बिल्ला, ड्युटीचा कागद, तर माळ्यावरून खाली काढा आणि मोबाईलवर फोटो तरी घेऊन ठेवा, उंदरांचा भरवसा नाही. आजोबांचा तो पाना आमच्याकडे अजून आहे, आई त्याने नारळ फोडते.

आणि कर्जतची रील टाकलीत तर कॅप्शनमध्ये चढणारी गाडी ‘डाऊन’ लिहा. खाली कुणीतरी भांडायला येईलच, येऊ द्या.

तुमच्यातलाच एक,
सध्या मुक्काम बदलापूर